पाणी साठवणाऱ्या सोलापूरकरांनो, कोड साठवलेत का?

जानेवारीत अकरा दिवस आपलं पेज बंद होतं. त्या काळात मला काय काय ऐकावं लागलं! "काय ओ दादा, पेज बंद करून कुठं बसलाव?" इथपासून "किती घेतले गप्प बसायचे?" इथपर्यंत. एकानं तर थेट घरी फोन करून तब्येतीची चौकशी केली.

तर खुलासा असा की कुणाचा दबाव नव्हता, कुणी हॅक केलं नव्हतं आणि पैसेही कुणी दिले नाहीत. चूक शंभर टक्के माझी होती. ती कशी झाली आणि तुमच्याकडून होऊ नये म्हणून काय करायचं, हे सांगायला ही पोस्ट. लांब आहे, पण चहा घेऊन बसा आणि वाचा. यातली निम्मी चूक तुमच्याही फोनमध्ये आत्ता असणार, हे मी पैजेवर सांगतो.

झालं असं. गड्ड्याची गर्दी. होम मैदानावर पाळणे, भगरे, आवाज, धूळ. मी फोटो काढून फोन शर्टच्या वरच्या खिशात टाकला. इतकी वर्षं यात्रा कव्हर करतोय, दर वर्षी "खिसेकापूंपासून सावध" अशी बातमी मीच लिहितो. पाळण्यापासून रस्त्यापर्यंत आलो आणि खिसा हलका लागला. फोन गेला. चोरला की पडला, ते सिद्धरामेश्वरांनाच ठाऊक.

फोन गेल्यावर काय करायचं ते मला पाठ होतं. हरवल्याची तक्रार नोंदवली. संचार साथी पोर्टलवर जाऊन हँडसेटचा आयएमईआय ब्लॉक करायला टाकला. दुसऱ्या दिवशी आधार दाखवून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. नवं सिम चालू झाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. आपल्या नंबरवर दुसऱ्यानं सिम काढून ओटीपी चोरू नयेत म्हणून सरकारनंच तसं करायला लावलंय. तो दिवसही मी शांतपणे काढला. नवा फोन आला, नंबर तोच. म्हटलं, झालं काम.

मेल उघडायला गेलो. पासवर्ड टाकला, बरोबर आला. पुढं विचारलं, "ॲपमधला सहा आकडी कोड टाका." ॲप टाकलं, उघडलं, तर आत काहीच नाही. पाटी कोरी. "पहिलं खातं जोडा," असं लिहिलेलं. पेजचं लॉगिनही तसंच. तिथंही त्याच ॲपचा कोड पाहिजे. म्हणजे पासवर्ड माहीत, नंबर हातात, माणूस तोच आणि तरी दार बंद.

इथं थोडं थांबून हा कोड येतो कुठून ते सांगतो, कारण माझाही घोळ इथंच झाला होता.

बँकेचा ओटीपी आपल्याला माहीत आहे. रिझर्व्ह बँकेनं २००९पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जास्तीची खातरजमा सक्तीची केली, तेव्हापासून आपल्याला ओटीपीची सवय लागली. तो बँक पाठवते आणि आपल्या नंबरवर येतो. नंबर परत मिळाला की ओटीपीही परत मिळतो.

ॲपमधला कोड कुणीच पाठवत नाही. सुरुवातीला आपण तो क्यूआरचा चौकोन स्कॅन करतो ना, त्यात एक लांबलचक गुपित असतं. त्याची एक प्रत कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहते, दुसरी आपल्या फोनमध्ये. पुढं दोघंही ते गुपित आणि घड्याळातली वेळ घेऊन एकच हिशेब करतात आणि दोघांचं उत्तर सारखं येतं. दर तीस सेकंदांनी नवं उत्तर. ही पद्धत २०११ साली खुलं मानक म्हणून जाहीर झाली, म्हणून कुठल्याही कंपनीचं ॲप कुठल्याही खात्याला चालतं. रेंज नसली तरी कोड येतो तो यामुळंच. आणि फोनचं घड्याळ चुकलं तर कोडही चुकतो, तोही यामुळंच.

आता लक्षात घ्या, यात तुमच्या मोबाईल नंबरचा काही संबंध आला का? नाही. माझं गुपित त्या हरवलेल्या हँडसेटमध्ये होतं. सिम परत आलं, गुपित परत आलं नाही.

मग एसएमएसची सोय कुठं गेली? ती मीच बंद केली होती. दोनेक वर्षांपूर्वी सिम स्वॅपच्या फसवणुकीवर बातमी केली होती. दुसराच माणूस आपल्या नावानं सिम काढतो आणि सगळे ओटीपी त्याच्याकडं जातात. ते लिहिताना मीच घाबरलो आणि त्याच रात्री मेल आणि पेज या दोन्ही ठिकाणांहून नंबर काढून ॲप बसवलं. तो निर्णय चुकीचा नव्हता, ॲप एसएमएसपेक्षा पक्कं आहे. पण त्या वेळी स्क्रीनवर आलं होतं, "हे बॅकअप कोड जपून ठेवा." मी म्हटलं, नंतर बघू. कुलूप भारीतलं घेतलं आणि दुसरी किल्ली दुकानातच ठेवून आलो.

आता हे सगळं माझ्यापुरतं असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. पण आपलं पेज कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत आहे. राजकारणावरच्या माझ्या लेखांना पन्नास लाईक आले तर खूप. पण "उद्या पाणी कुठल्या भागात" ही पोस्ट टाकली की अख्खं जुळे सोलापूर तुटून पडतं. उजनी शंभर किलोमीटरच्या वर लांब, नळाला पाणी काही दिवसांआड. आपल्याकडं आठवड्याचा बेत पाण्यावर ठरतो. कपडे कधी, पाहुणे कधी, सुट्टी कुणी काढायची, सगळं.

पेज बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी रात्री नऊला मला कळलं की उद्याची पाळी एक दिवस पुढं गेली. मी बातमी घेऊन बसलो आणि सांगायला जागा नाही. दोन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, पण तिथं असतात किती माणसं? सकाळी विजापूर रोडवरच्या एका ताईंचा फोन आला. पहाटे तीनपासून नळ उघडा ठेवून बसल्या होत्या. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. हौद आदल्या दिवशीच रिकामा करून धुतलेला, कारण पाणी येणार होतं. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पेजवर काही नव्हतं, म्हणून वाटलं येईल." मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा एक गोष्ट टोचली. साठवण म्हणजे काय हे सोलापूरकराला शिकवायला लागत नाही. आपल्या प्रत्येक घरात हौद, वर टाकी, मोरीत बॅरल, वर आणखी दोन घागरी भरलेल्या. पाणी येणार नाही हे गृहीत धरूनच आपण घर बांधतो. आणि तोच मी ज्या एका फोनवर सगळं चालतं त्याला एक तांब्याभर साठा ठेवला नव्हता.

याच दिवसांत दुसरा त्रास सुरू झाला. पेज अडकलंय अशी बातमी पसरल्यावर मेसेज यायला लागले. "सर, आमची कंपनीत ओळख आहे, पाच हजारात पेज परत." एकानं फोन करून इतकं गोड समजावलं की मी बॅग उघडून कार्ड काढायच्या बेतात होतो. मग तो म्हणाला, "एक ॲप टाका, तुमची स्क्रीन मला दिसू द्या, आणि ओटीपी आला की सांगा." तिथं डोकं ठिकाणावर आलं. लक्षात ठेवा, खातं परत मिळवून देणारा दलाल नसतो. जो स्वतःहून फोन करतो तो उरलेलंही न्यायला आलेला असतो. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात.

मी वाचलो कसा? नशिबानं. ऑफिसात एक जुनाट कॉम्प्युटर आहे, ज्याला आम्ही सगळे शिव्या घालतो. त्यावर कधीतरी लॉगिन करताना "या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका" यावर टिक केलेली होती. सहाव्या दिवशी ते आठवलं. बसलो, मेल उघडला, कोड न विचारता उघडला! हात अक्षरशः थरथरत होते. जुनं ॲप काढलं, नव्या फोनवरचं जोडलं, बॅकअप कोड लगेच कागदावर घेतले.

पेजला आणखी पाच दिवस लागले. ओळखपत्र पाठवायला सांगितलं. आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण. प्रोफाईलवर मात्र ज्या छोट्या नावानं तुम्ही मला हाक मारता ते. पहिल्यांदा नापास. मग दुसरी कागदपत्रं, पुन्हा वाट. बोलायला माणूस नाही, नुसते फॉर्म. आणि पेजला दुसरा ॲडमिन? नव्हता. इतकी वर्षं मी कुणालाच केलं नव्हतं. खरं सांगायचं तर विश्वास नव्हता असं नाही, मालकी सुटत नव्हती. अकराव्या दिवशी पेज उघडलं आणि पहिली पोस्ट पाण्याचीच टाकली.

हे झाल्यावर मी चार लोकांना विचारत सुटलो आणि कळलं की गावभर हीच कथा आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचे एक टॉवेलवाले आहेत. ई-वे बिलाच्या पोर्टलला आता नुसत्या पासवर्डवर आत जाता येत नाही. आधी मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना आणि १ एप्रिल २०२५पासून सगळ्यांनाच दुसरा कोड सक्तीचा झाला. तो एसएमएसनं येतो, सरकारच्या संदेस ॲपवर येतो किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाच्या ॲपमध्ये दिसतो. यांचं सगळं मुनीमजींच्या फोनवर. मुनीमजी भाचीच्या लग्नाला तेलंगणात गेले आणि फोन बंद. टॉवेलच्या गाठी भरून ट्रक दारात उभा, ड्रायव्हर बिडी ओढतोय आणि बिल निघेना. खरं तर त्या पोर्टलवर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं सब-युजर लॉगिन देता येतं, ज्याचा त्याचा नंबर, ज्याचा त्याचा कोड. पण ते करायला पाच मिनिटं कुणी काढली नव्हती.

दुसरी गोष्ट सांगावी की नको असं झालं होतं. आमच्यातला एक फोटोग्राफर मित्र गेल्या वर्षी अचानक गेला. मोर्चे, पूर, नंदीध्वज, गिरण्यांच्या पडक्या चिमण्या, त्यानं या शहराचं काय काय टिपलं होतं. पेपरात छापले गेले ते थोडे. बाकी सगळे त्याच्या ऑनलाइन खात्यात. त्यातच त्याच्या लेकीचे बारशापासूनचे फोटो. वहिनींनी मला विचारलं, "भावजी, तेवढे काढून द्या ना." फोनचा लॉक कुणाला माहीत नाही. पासवर्ड नाही. त्याचा नंबर रिचार्जविना बंद पडला. बंद झालेला नंबर आपल्याकडं किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो. एक दिवस वहिनींनी सवयीनं त्या नंबरवर फोन लावला आणि पलीकडून अनोळखी माणूस बोलला. मी अजून त्या फोटोंसाठी काही करू शकलेलो नाही. रीतसर मृत्यूचा दाखला देऊन विनंती केली आहे. बघू.

म्हणून आता कामाचं. आज रात्री जेवणानंतर अर्धा तास काढा आणि एवढं करा.

१. आधी मेल. बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या शेवटी मेलमध्येच येतात. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात. दहा असतात, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. नवे काढले की जुने रद्द होतात, त्यामुळं जुना कागद फाडून टाका.

२. हे कोड कागदावर लिहा. हो, कागदावरच, पेननं. गॅलरीत स्क्रीनशॉट नको, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज नको. फोनची दुसरी किल्ली फोनमध्येच ठेवून काय उपयोग? झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट तर अजिबात काढू नका. एक कागद घरात रेशनकार्डाच्या फाईलमध्ये, दुसरा बहिणीकडं किंवा भावाकडं. आणि पासवर्ड त्याच कागदावर लिहू नका.

३. कोडचं ॲप उघडून बघा, बॅकअप चालू आहे का. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३पासून कोड आपल्या गूगल खात्यात साठवता येतात, पण ॲपमध्ये खात्यानं साइन इन केलं असेल तरच. मी "खात्याशिवाय वापरा" हे दाबलं होतं. दुसरी बाजूही सांगतो. असं साठवलं की ज्याच्या हाती तुमचं गूगल खातं, त्याच्या हाती सगळे कोड. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड पोराच्या नावाचा आणि जन्मसालाचा नको. आणि गूगल खात्याचा स्वतःचा कोड जर त्याच ॲपमध्ये असेल तर कागदावरचे दहा कोड पाहिजेतच. नाहीतर कपाटाची किल्ली कपाटात.

४. फोन बदलताना घाई नको. जुन्या फोनवरच्या ॲपमध्ये "खाती हलवा" हा पर्याय असतो, तो एक क्यूआर दाखवतो, नव्या फोननं तो स्कॅन करायचा. मग प्रत्येक खात्यात एकदा जाऊन बघायचं. ते झाल्यावरच जुना फोन फॉरमॅट करायचा, एक्स्चेंजला द्यायचा किंवा आईला द्यायचा. बरेच लोक इथंच अडकतात.

५. कोड चुकीचा म्हणतोय? घाबरू नका. फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा आणि परत बघा.

६. नवीन खात्याला क्यूआर स्कॅन करताना खाली तेच गुपित अक्षरांत लिहिलेलं मिळतं. तेही कागदावर घेतलं तर कुठल्याही फोनवर कोड परत उभा करता येतो. पण तो कागद म्हणजे किल्लीच, तशीच जपा.

७. घरातल्या एका माणसाला सांगा की कागद कुठं आहे. गूगलमध्ये "निष्क्रिय खाते" अशी एक सोय आहे. आपण इतके महिने आलो नाही तर अमुक माणसाला खात्यातला अमुक भाग द्या, असं आधीच लिहून ठेवता येतं. अशुभ बिशुभ काही नाही. विमा काढतोच ना आपण?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

आपल्याकडं ग्रामपंचायतीचा मेल, पतसंस्थेचं लॉगिन, शाळेचं पोर्टल, सोसायटीचं खातं, मंडळाचं पेज, हे सगळं कुणा एकाच्या खासगी फोनला बांधलेलं असतं. ग्रामसेवकाची बदली झाली, कारकून निवृत्त झाला, मंडळात दोन गट पडले की खातं त्याच्या खिशातून निघून जातं. मग पुढचा माणूस नवं खातं उघडतो आणि जुन्यातला पत्रव्यवहार बुडतो. माझं पेज खासगी होतं तरी लोकांचं पाणी चुकलं. सार्वजनिक दप्तराचं काय होत असेल?

चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, कॅशबुक, धनादेशाची पुस्तकं यांची यादी करायची आपली जुनी, चांगली पद्धत आहे. त्या यादीत एक ओळ वाढवा: कुठली खाती, कुणाचा नंबर, कोडचं ॲप कुणाच्या फोनवर, बॅकअप कोडचं पाकीट कुठल्या कपाटात. पाकीट सीलबंद, वर दोघांच्या सह्या. यासाठी कुठल्याही जीआरची वाट बघायला नको. पुढच्या मीटिंगला तुमच्या संस्थेत हा विषय घ्या आणि काय ठरलं ते मला कळवा. मी त्याची बातमी करीन.

आपल्या पेजला आता तीन ॲडमिन आहेत. त्यातल्या एकाशी माझं राजकारणावरून अजिबात पटत नाही, आणि तरी तो आहे. कोडचा कागद घरी कुठं आहे ते बायकोला माहीत आहे. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी हौद भरून ठेवते तेव्हा हसायचात."

शंका असतील तर कॉमेंटमध्ये विचारा, जमेल तेवढी उत्तरं देतो. फक्त कृपा करून कॉमेंटमध्ये स्वतःचा कोड टाकू नका. मागच्या पोस्टवर दोघांनी टाकला होता.

पोस्ट पटली तर पुढं पाठवा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. आणि हो, उद्याच्या पाण्याचं वेळापत्रक रात्री नऊला नेहमीसारखं येईल.